आखाजीच्या आधीचा आंबा

बाजारात आंबे आले. मी बघितले नाहीत, वास आला. इथं कलकत्त्यात, सॉल्ट लेकला आमच्या ब्लॉकच्या बाजारात मासळीवाल्यांची ओळ संपते तिथं फळवाला बसतो. मासळीच्या ओल्या वासातून बाहेर आलं की एकदम आंबा नाकात शिरतो. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सरळ पुढं गेले. तो मागून म्हणाला, "माशिमा, आम नेबेन ना? खूब मिष्टी." इथं म्हाताऱ्या बाईला माशिमा म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. आंबे घ्या म्हणत होता, खूप गोड आहेत. मी हात हलवला. दरवर्षी हलवते. त्याला वाटत असेल, म्हातारीला शुगर आहे.

शुगर नाही मला. काहीच नाही. डॉक्टर म्हणतो, आजी, तुमचं रक्त तरण्या बाईसारखं आहे. ऐकायला बरं वाटत नाही ते.

इथला चैत्र ओला असतो. आमच्या जळगावकडचं ऊन कोरडं, अंगावर बसतं, पण घाम वाळवून टाकतं. इथं नेसलेलं लुगडं पिळून काढावं असं होतं. मग एखाद्या दुपारी आभाळ काळं होतं, वारं सुटतं, दारं आपटतात, अर्ध्या तासात सगळं शांत. समोरच्या बंगल्यातल्या झाडाच्या कैऱ्या रस्त्यावर पडलेल्या असतात. बंगाली बाया पदरात गोळा करतात आणि गोड चटणी करतात. मीही आणायची पूर्वी. कैरीला आमच्यात बंदी नाही. बंदी पिकलेल्या आंब्याला, तीही आखाजीपर्यंत.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी मातीची नवी घागर आणतात, पाणी भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात. पुरणाची पोळी, आमरस करतात आणि निखाऱ्यावर तूप आणि घास टाकतात पितरांच्या नावानं. त्याला आगारी टाकणं म्हणतात. वर्षाचा पहिला आंबा त्यांचा. त्यांनी खाल्ला की मग आपण. एवढंच आहे ते. ऐकायला किती सोपं. मला ते शिकायला एक लेकरू द्यावं लागलं, असं मी जन्मभर धरून चालले.

माझं शिक्षण तिसरी. लग्न झालं तेव्हा सतरा वर्षांची होते. नवरा जळगावला जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात. जिनच्या आवारात खोली होती आमची. पहिली मुलगी झाली, कमल. पाच महिन्यांची होती, अंगावर पीत होती. चैत्र होता. आवारात आंब्याचं जुनं झाड होतं, त्याचा एक पाडाचा आंबा खाली पडला. मला दिवसभर भूक लागायची त्या दिवसांत. मी तो उचलला, लुगड्याला पुसला आणि भिंतीआड उभ्यानं खाल्ला. कोय पण चोखली. सासूनं बघितलं. तेव्हा काही बोलली नाही.

चौथ्या दिवशी कमलला जुलाब लागले, ताप भरला. उन्हाळ्यात लेकरांना व्हायचंच तसं, आमच्या ओळीत त्या वर्षी आणखी दोन गेली. पण ते मला आज कळतं. तेव्हा कमलला पुरायला नेलं आणि सासू उंबऱ्यात बसून एवढंच म्हणाली, "पितरांच्या तोंडचं काढून खाल्लंस." ओरडली नाही, मारलं नाही. वाईट बाई नव्हती ती. बाळंतपणात माझे पाय तिनं चेपले होते. तिला जे सांगितलं गेलं होतं ते तिनं मला सांगितलं.

हे मी कुणाला बोलले नाही. सुधीर झाला दोन वर्षांनी, त्यालाही नाही. नवरा गेला, रुई छातीत जाऊन जाऊन. मी दहा घरी पोळ्या लाटल्या आणि सुधीरला शिकवलं. तो बँकेत लागला. बदल्या होत होत इथं आला आणि मला घेऊन आला. हावड्याला गाडीतून उतरले तर माझ्या काखेत पोळपाट. सून पल्लवी हसायला लागली. म्हणाली, "आई, कलकत्त्यात पोळपाट मिळतात हो." मी म्हटलं, "मिळत असतील. हे माझं आहे." तेव्हापासून ती सगळ्यांना सांगायची, आमच्या आई शस्त्र घेऊन प्रवास करतात.

पल्लवी सेक्टर फाइव्हला नोकरीला होती. सकाळी ऑटोनं जायची, संध्याकाळी यायची. येताना काहीतरी शिकून यायची हापिसातल्या बायकांकडून. एकदा छोटा ओव्हन घेऊन आली. म्हणाली, कॉबलर करते. मी विचारलं, "अंडं नाही ना त्यात?"

"नाही आई. तुमच्यासाठी मुद्दाम बिनअंड्याचं शोधलं."

"मग कर. पण मला हात लावायला सांगू नको त्या खोक्याला."

कॉबलरला काही लागत नाही करायला. पत्र्याच्या टिनमध्ये लोणी टाकायचं आणि टिन आत ठेवून ते वितळवायचं. मैदा, साखर, दूध, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, असं धिरड्याच्या पिठासारखं कालवायचं आणि लोण्यावर ओतायचं. हलवायचं नाही. त्यावर साखर लावलेल्या फळाच्या फोडी पसरायच्या. तेव्हाही हलवायचं नाही. आत सरकवायचं आणि पाऊण तास गप्प बसायचं. वर ठेवलेलं फळ खाली उतरतं आणि खालचं पीठ आपलं आपण वर येऊन फुगतं. कडा लाल होतात, कुरकुरीत. मधे चमचा घातला की फळाचा रस उकळत असतो. वाटीत घेऊन गरम गरम खायचं.

मला ते हलवायचं नाही हे पटायचंच नाही. जन्मभर हलवत आले मी. शिरा हलवायचा, पिठलं हलवायचं, हात थांबला की बुडाला लागतं. मी ओव्हनसमोर उभी राहून म्हणायची, "अगं, बघ तरी एकदा." ती म्हणायची, "आई, त्याला एकटं सोडा. येतं ते."

सफरचंदाचं करायची, अननसाचं करायची. आंब्याचं करायची तेव्हा रेवा, माझी नात, टिन चाटायची. पण आंब्याचं आखाजीनंतरच. पल्लवीनं कधी मोडलं नाही ते. चेष्टा मात्र करायची. एकदा म्हणाली, "आई, कैरी चालते, आंबा चालत नाही. मग अर्धी कैरी आणि अर्धा आंबा असेल त्याचं काय?"

मी म्हटलं, "त्याची कैरीकडची बाजू खा."

हसत सुटली. रात्री सुधीरला सांगितलं, परत हसली. आखाजीच्या दिवशी आगारी टाकली की निखारा विझायच्या आत ओव्हन लावायची. म्हणायची, "झालं का पितरांचं? आता जिवंत माणसांचं बघू."

तिच्या पोटात दुखायला लागलं ते दिवाळीत. माघात कळलं काय आहे. पुढचं सगळं तुम्हाला माहीत असतं, ज्यांच्या घरात झालंय त्यांना तर सांगायलाच नको. केस गेले, वजन गेलं. तोंड आलं, इतकं की पाणी पिताना डोळ्यांतून पाणी यायचं. चैत्रात डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. सुधीरला म्हणाला, जे मागतील ते खाऊ द्या.

सुधीर एस्प्लनेडला कामाला गेला होता त्या दिवशी. येताना आंबे घेऊन आला. दक्षिणेकडचे होते, इथले हिमसागर अजून यायचे होते. सहा आंबे, कागदात गुंडाळलेले. मी पिशवी हातातून घेतली आणि कपाटावर ठेवली, पेपर खाली घालून. तो म्हणाला, "आई, तिला द्यायचेत ना?"

"आखाजीला."

तो बघत राहिला. 

दुपारी मी तिच्यापाशी बसले होते. पंखा होता. ती डोळे मिटून म्हणाली, "आई, वास येतोय."

"कपाटावर आहेत. आखाजीला आणलेत."

"किती दिवस राहिलेत?"

"तेरा."

मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "कॉबलर खावंसं वाटतंय. मऊ असतं ना ते, टोचणार नाही."

"सफरचंदाचं करते मी."

"तुम्ही?" डोळे उघडले तिनं. "त्या खोक्याला हात लावाल?"

लावला. ती आतून सांगत होती, मी स्वयंपाकघरातून विचारत होते. लोणी वितळलं. पीठ ओतलं. फोडी पसरल्या. "हलवू नका हं," ती आतून म्हणाली. मी म्हटलं, नाही हलवत. पण हात ऐकत नाही. मला वाटलं खाली लागेल, आणि लागलेलं तिला घशाखाली जाणार नाही. मी चमचा घालून फिरवलं, बुडापासून. मग ते वर आलंच नाही. ढेपेसारखं बसलं, कच्चट. तिनं एक चमचा खाल्ला. म्हणाली, "छान झालंय, आई." वाटी माझ्याकडं दिली. मला ठाऊक होतं आणि तिलाही.

मग म्हणाली, "आंब्याची कैरीकडची बाजू तरी?"

हसत म्हणाली. ओठाला चीर पडली होती, तरी हसली.

मी म्हटलं, "आंबट झोंबेल तुला."

असं म्हटलं मी. रेवा दारात उभी होती, अकरा वर्षांची. तिनं ऐकलं.

संध्याकाळी सुधीरनं मला गॅलरीत गाठलं. "आई, दे ना एक आंबा. डॉक्टर म्हणाले आहेत." तेव्हा मी त्याला कमलचं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तुला एक बहीण होती. मी आधी आंबा खाल्ला. सुधीर शिकलेला माणूस, बँकेत लोक त्याला साहेब म्हणतात. मला वाटलं तो म्हणेल, आई, काय वेड्यासारखं बोलतेस. मला वाटलं तो पिशवी ओढून घेईल. घ्यावी असंही वाटत होतं कुठंतरी आत. पण तो घाबरला. त्याच्या डोळ्यांत मी बघितलं ते. म्हणाला, "तेरा दिवस आहेत ना फक्त?" मी म्हटलं, तेराच. समोरच्या झाडावर कैऱ्या लोंबत होत्या.

कुणाला वाटेल म्हातारीनं छळलं. मी तिला वाचवत होते. माझ्या मनात एवढंच होतं, की या बाईच्या वाटेत मी आता काही आडवं येऊ द्यायचं नाही. आखाजी होऊ दे, पितरांचं त्यांना मिळू दे, मग ते हिला सोडतील. सोडलं की मी स्वतः भरवणार होते. टिन घासून ठेवलं होतं.

आखाजीला नऊ दिवस राहिले होते तेव्हा ती गेली. सकाळी, चहाच्या वेळेला. मी कपाळाला हात लावला, ताप आहे का बघायला.

सुतक पडलं. सुतकात सण नसतो. आखाजी आली, दहाव्या दिवशीच आली, आणि गेली. घागर आणली नाही, आगारी टाकली नाही. ज्या दिवसासाठी थांबवलं तिला, तो दिवस आमच्या घरात झालाच नाही. हे मी तेव्हा मोजलं नव्हतं. कुणी मोजतं का असं.

बाराव्याला कुणीतरी म्हणालं, घरात काहीतरी कुजतंय. स्टुलावर चढून बघितलं. पेपर भिजून कपाटाला चिकटला होता. सहाही आंबे काळे पडले होते, फुटून एकमेकांत मिसळले होते. मी ते हातानं काढले. फडक्यानं पुसलं, साबणानं पुसलं. अजून पावसाळी दमटपणा आला की त्या कपाटाला वास येतो. सुधीर म्हणतो येत नाही.

तीन वर्षं झाली. सुधीर मला कधी काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आपण दोघांनी मिळून केलेली चूक असली की कुणी कुणाला बोलत नाही, दोघंही एकमेकांचं ताट वाढत राहतात. रेवाही बोलली नाही. पण तिनं आंबा सोडला. आखाजीच्या आधी नाही आणि नंतरही नाही. आमरस केला की म्हणते, "भूक नाही." ओव्हन बंद पडून होता. त्यावर मी डाळीचे डबे ठेवले होते.

या वर्षी आखाजीला आठ दिवस होते. मी फळवाल्याला हात हलवून घरी आले ती हीच दुपार. तांदूळ निवडत बसले. रेवा क्लासवरून आली, पाठीवर दप्तर, हातात दोन आंबे. तिनं ओव्हनवरचे डबे खाली घेतले. फडकं मारलं. टिन शोधलं.

"आजी," ती म्हणाली, "बाबाने मला कमलपिशीचं सांगितलं."

इथं आत्याला पिशी म्हणतात. पाच महिन्यांच्या त्या लेकराला कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. आत्या नाही, ताई नाही. माझ्या मांडीवरची सुपली तशीच राहिली.

"मी करणार आहे आणि मी खाणार आहे," रेवा म्हणाली.

"आखाजीला आठ दिवस आहेत."

"माहीत आहे मला."

ती फोनमध्ये बघून बघून करत होती. सालं जाड काढली, अर्धा गर सालीलाच. पीठ ओतलं. फोडी पसरल्या. चमचा हातात होता तिच्या. मी म्हटलं, "हलवू नको." तिनं माझ्याकडं बघितलं. "माहीत आहे," म्हणाली.

पाऊण तास. बाहेर वारं सुटलं, दार आपटलं, दोघींपैकी कुणी उठलं नाही. वास घरभर झाला. तिनं टिन बाहेर काढलं. वर आलं होतं सगळं, कसं काय ते वर येतं. एका वाटीत घेतलं आणि चमचा तोंडाशी नेला, आणि मी तिचं मनगट धरलं.

"आजी, सोड."

"आधी मी."

"का?"

"मोठी आहे म्हणून."

पडायचं असेल काही तर माझ्यावर पडू दे, आधी मला भेटू दे ते, असं होतं मनात. पन्नासच्या वर वर्षांनी आखाजीच्या आधी मी आंबा तोंडात घातला. जीभ पोळली. गोड होता. वाईट वाटण्याइतका गोड होता. मग रेवानं खाल्लं. भराभर खाल्लं, कुणी हिसकावून घेईल तसं. मधेच थांबून म्हणाली, "आईसारखं झालंय?"

"तिच्या कडा जरा जास्त लाल व्हायच्या."

"अजून पाच मिनिट ठेवायला पाहिजे होतं," ती म्हणाली आणि वाटी तोंडापुढं धरून रडली. रडत रडत खाल्लं. मी टिन खरवडत बसले.

तेव्हापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या कपाळाला हात लावते. ताप नाही. पोट ठीक आहे. शाळेत जाते, येते, भाजीला नाक मुरडते. चौथा दिवस गेला, ज्या दिवशी कमलला लागलं होतं. त्या दिवशी मी बाजारात गेले नाही, दारातच बसून राहिले ती येईपर्यंत. आली. "आजी, किती बघतेस," म्हणाली. पाचवा गेला. सहावा गेला. काही झालं नाही.

काही झालं नाही, हे चांगलंच आहे. व्हावं असं कोण म्हणेल. पण तांदूळ निवडताना, कुकरच्या शिट्या मोजताना ते एकच येतं समोर. आज झालं नाही, म्हणजे तेव्हाही झालं नसतं. कमलचा ताप उन्हाचा होता. पितरांनी कुणाचं काही घेतलं नव्हतं आणि ते कुणाला सोडणारही नव्हते. भीती होती तोवर माझ्याकडं एक कारण होतं. आता ते पण नाही. नुसती एक बाई आहे, पंख्याखाली पडलेली, हसून मागतेय, आणि कपाटावर सहा आंबे आहेत.

उद्या आखाजी. घागर आणून धुऊन ठेवली आहे. बंगाल्यांचं धूप घालायचं मातीचं धुपाटणं मिळतं इथं, त्यात नारळाची शेंडी पेटवून निखारा करते मी, त्यावर आगारी टाकीन. सुधीरच्या बापाचं नाव घेईन, सासूचं घेईन. एवढ्याशा लेकराला पितरांत धरत नाहीत, तरी कमलचं घेईन. पण सगळ्यांच्या आधी पल्लवीचं. पहिला आंबा तिचाच. आता तिला थांबायला लागत नाही.

आज सकाळी शाळेला निघताना रेवा स्वतःच माझ्यापुढं येऊन उभी राहिली, कपाळ पुढं करून. चेष्टेत. तिच्या आईसारखी चेष्टा करायला लागली आहे. "घे, बघून घे," म्हणाली.

मी हात लावला. गार होतं.